किडनी, क्रिएटिनिन आणि आत्याची पिशवी

बऱ्याच विकांतांनी लिहायला बसलोय. मधले काही शनिवार-रविवार हॉस्पिटलच्या कँटीनमधला पाणचट चहा पिण्यात गेले. आता सगळं ठीक आहे, त्यामुळे निवांतपणे लिहू शकतो.

तर झालं असं की मे महिन्यात माझ्या आत्याला (वय ७८) दोन दिवस जुलाब झाले. पुण्यातला मे, घरात एकटी, आणि "त्यात काय मोठंसं, साबुदाण्याची पेज घेतली की बसेल" हा तिचा स्वभाव. तिसऱ्या दिवशी ती फोनवर काहीतरी असंबद्ध बोलायला लागली. आतेबहीण बंगलोरला, म्हणून मी पळालो. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन ३.६. जानेवारीत हाच आकडा १.१ होता आणि लॅबने त्याच्यापुढे 'नॉर्मल' असं छापलं होतं.

किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो आजाराबद्दल नव्हताच. "घरी त्या ज्या ज्या गोळ्या घेतात त्या सगळ्या एका पिशवीत घालून घेऊन या. डॉक्टरांनी दिलेल्या, न दिलेल्या, शेजारणीने दिलेल्या, सगळ्या." मी मनात म्हटलं, अरे, ही बाई तर लॉग मागतेय! :-)

त्या पिशवीवर परत येतो. आधी त्या रात्री आयसीयूच्या बाहेर बसून मी मोबाईलवर जे वाचायला सुरुवात केली, आणि जे अजून संपलेलं नाही, त्याबद्दल. मला पडलेला प्रश्न अगदी साधा होता. किडनी अचानक बंद पडली तर ती *कशामुळे* पडली हे माणसाला कळायला लागलं कधी? आणि म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत ते अजूनही इतकं अवघड का?

लघवी बंद झाली की माणूस दगावतो हे वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होतं. विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरच्या १८०२ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या पुस्तकातही ते आहे. १८२७ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधला रिचर्ड ब्राइट लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवायचा. ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली तर किडनीत बिघाड, असं निदान. पण ही सगळी 'एरर आली' एवढं सांगणारी साधनं. एरर का आली, त्याचं नाव नाही.

कारण सापडलं ते युद्धात. १९४० साली लंडनवर जर्मन बाँब पडत होते. ढिगाऱ्याखाली कित्येक तास अडकलेली माणसं बाहेर काढली जायची. पाय चेंगरलेला असायचा, पण माणूस शुद्धीवर, बोलता-चालता. घरचे सुटकेचा नि:श्वास टाकायचे. मग पाय सुजायचा, बीपी कोसळायचं, लघवी तपकिरी व्हायची, कमी होत होत थांबायची आणि बरेच जण आठवड्याभरात जायचे. हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी अशा चार पेशंटांची हकिगत मार्च १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली. चेंगरलेल्या स्नायूंमधलं लाल रंगद्रव्य रक्तात उतरतं आणि किडनीच्या नळ्यांमध्ये जाऊन बसतं. मार पायाला, मरण किडनीत!

गंमत म्हणजे ही गोष्ट आधी एकदा सापडून हरवली होती. १९०८ च्या मेसिनाच्या भूकंपात तिची नोंद झाली होती, आणि १९२३ मध्ये सेइगो मिनामी या जपानी डॉक्टरने बर्लिनमध्ये बसून पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या किडन्यांवर जर्मनमध्ये लिहिलं होतं. इंग्रजी वाचणाऱ्यांपर्यंत ते पोचलंच नाही. ज्यांनी एखादा बग चार रात्री जागून शोधलाय आणि मग कळलंय की दुसऱ्या टीमने तो सहा वर्षांपूर्वीच लिहून ठेवला होता, त्यांना बायवॉटर्सच्या भावना समजतील.

पण एक गोष्ट बघा. १९४१ मध्ये कारण कळून तरी काय उपयोग होता? किडनी बंद पडली की रक्तातलं पोटॅशियम आणि बाकी कचरा साठत जातो, आणि बहुतेक पेशंटकडे किडनी परत चालू व्हायची वाट बघायला वेळच नसतो. कारण शोधण्याला अर्थ आला तो पेशंटला वेळ विकत घेऊन देण्याची सोय झाल्यावर. आणि ती सोय ज्या पहिल्या पेशंटला खऱ्या अर्थाने लाभली, ती ६७ वर्षांची एक म्हातारी होती. हे वाचलं तेव्हा मी आत्याच्या बेडच्या दिशेने बघितलं.

नेदरलँड्समधलं कांपेन हे छोटं गाव. देश जर्मनांच्या ताब्यात. विलेम कोल्फ नावाचा ३२ वर्षांचा डॉक्टर तिथे लाकडी पट्ट्यांच्या ड्रमवर सॉसेज भरायच्या सेलोफेनची नळी गुंडाळतो, खाली पाण्याचा टब ठेवतो, आणि फोर्ड गाडीच्या वॉटरपंपातली कपलिंगची युक्ती वापरून पेशंटचं रक्त त्या फिरत्या नळीतून खेळवतो. मार्च १९४३ मध्ये पहिला पेशंट. त्यानंतर एकामागून एक असे सोळा पेशंट झाले, आणि त्यातला एकही 'मशीनमुळे वाचला' असं ठामपणे म्हणता येईल असा नव्हता. आपल्याकडे सोळा डेमो फसले तर प्रोजेक्ट बंद, मॅनेजर दुसऱ्या टीममध्ये.

सतरावी पेशंट सप्टेंबर १९४५ मध्ये आली. युद्ध संपलेलं, आणि ही बाई नाझींना साथ दिली म्हणून कैदेत होती. गावात तिला वाचवावं असं वाटणारे फारसे कोणी नसावेत. कोल्फने मशीन लावलं. सुमारे अकरा तासांनी ती शुद्धीवर आली, आणि पुढे किडन्या आपल्या आपण चालू झाल्या. ती नंतर बरीच वर्षं जगली आणि गेली ती वेगळ्याच कारणाने. (शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य 'मी नवऱ्याला सोडणार आहे' असं काहीसं म्हणाली, असा किस्सा डायलिसिसवाले हमखास सांगतात.)

आता त्या बाईला झालं काय होतं? पित्ताशयाला सूज, अंगात जंतूंचा संसर्ग, आणि त्यावर दिलेली सल्फा औषधं. तेव्हाच्या सल्फा औषधांचे स्फटिक किडनीच्या नळ्यांत अडकायचे हे पुढे चांगलंच माहीत झालं. म्हणजे संसर्ग की औषध? सूज की कमी पडलेलं पाणी? एकावर बोट ठेवता येत नाही. बाँबच्या ढिगाऱ्यातल्या तरुणाचं कारण एका ओळीत लिहिता येतं. ६७ वर्षांच्या बाईचं कारण म्हणजे तीन-चार गोष्टींची बेरीज. माझ्या मते म्हाताऱ्या माणसांच्या किडनीची सगळी कथा या पहिल्या पेशंटमध्येच आहे, फक्त ती तेव्हा कोणी तशी वाचली नाही. सगळ्यांचं लक्ष साहजिकच मशीनकडे.

एकच कारण असलं की ते कसं पकडता येतं याचं उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे, आणि ते भयंकर आहे. १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात मेंदूच्या आणि डोळ्यांच्या विभागातल्या पेशंटांच्या किडन्या एकापाठोपाठ बंद पडू लागल्या. मेंदूच्या पेशंटची किडनी जायचं काही कारणच नव्हतं. दोन्ही विभागांत समान धागा एकच होता, तो म्हणजे दाब कमी करायला दिलं जाणारं ग्लिसरीन. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचं विष निघालं. १४ माणसं गेली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध खरेदीपासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांची झाडाझडती घेतली. हेच विष १९३७ मध्ये अमेरिकेत एका औषधाच्या बाटलीतून शंभरावर लोकांना मारून गेलं होतं आणि त्यातून तिथला औषध कायदा बदलला होता. म्हणजे पुन्हा तेच, माहीत असलेला बग!

पण तिथे निदान अनेक पेशंट आणि एक बाटली होती. आत्यासारख्या केसमध्ये पेशंट एक आणि बाटल्या अनेक.

शिवाय म्हाताऱ्यांच्या बाबतीत मोजपट्टीच फसवी. क्रिएटिनिन हे स्नायूंच्या रोजच्या झिजेतून तयार होतं. १८४७ मध्ये लीबिगने त्याला नाव दिलं. १८८६ मध्ये माक्स याफे नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं की अल्कलीत पिक्रिक ॲसिड घालून त्यात ते मिसळलं की नारिंगी रंग येतो. (पिक्रिक ॲसिड म्हणजे तेव्हा तोफगोळ्यांत भरायची चीज.) १९०४ मध्ये ओटो फोलिनने त्या रंगावरून मोजमाप बसवलं, आणि जगातल्या कितीतरी लॅब आजही तीच पद्धत वापरतात. सव्वाशे वर्षं टिकलेला लेगसी कोड. पण स्नायूच कमी असले तर क्रिएटिनिनही कमीच बनणार ना! त्यामुळे वाळलेल्या म्हाताऱ्या माणसाचा आकडा छान दिसतो आणि किडनी अर्धी गेलेली असते.

१९७६ मध्ये मॉन्ट्रियलच्या कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी २४९ पेशंटांच्या माहितीवरून एक सुटसुटीत सूत्र काढलं. १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन. बायकांसाठी वर ०.८५ ने गुणायचं. आता याहून सुधारलेली सूत्रं आहेत, पण हे तोंडी करता येतं. करून बघा. माझं वय ३६, वजन ७४ किलो (हसू नका), क्रिएटिनिन १.१. उत्तर साधारण ९७. आत्याचं वय ७८, वजन ४६, क्रिएटिनिन तेच १.१. उत्तर ३१!

मी ते दोनदा करून बघितलं. जानेवारीत ज्या रिपोर्टवर 'नॉर्मल' छापलं होतं, त्या रिपोर्टच्या दिवशी आत्याच्या किडन्यांचं काम माझ्या एक तृतीयांश होतं. हा रिपोर्ट मीच आणला होता, मीच बघितला होता, आणि "सगळं मस्त आहे गं आत्या" असं मीच म्हणालो होतो.

त्यात भर म्हणजे हा आकडा उशिरा हलतो. किडनी आज बंद पडली तरी क्रिएटिनिन चढायला दिवस-दीड दिवस जातो, आणि स्नायू कमी असतील तर चढही हळू. म्हणजे थ्रेशोल्ड चुकीचा आणि वर मॉनिटरिंगला लॅग. प्रॉडक्शनमध्ये अशी सिस्टिम कोणी चालवू देईल का?

बरं, 'अचानक बिघाड' म्हणजे नेमकं किती, याचीही २००४ पर्यंत एकमताची व्याख्या नव्हती. निरनिराळ्या लेखांमध्ये तीसेक तरी वेगवेगळ्या व्याख्या वापरात होत्या. स्पेकच नाही, मग बग मोजणार कसे? २००२ मध्ये इटलीत विचेंझाला तज्ज्ञ जमले आणि २००४ मध्ये पहिली पायऱ्यांची व्याख्या छापली गेली. २००७ मध्ये ती आणखी कडक झाली. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं तरी दखल घ्यायची. तेव्हापासून 'फेल्युअर' मागे पडून 'इंज्युरी' हा शब्द रुळला, म्हणजे बंद पडायची वाट न बघता जखम झाली की तेव्हाच ओळखायची.

आता पिशवी. आत्याच्या स्वयंपाकघरातल्या डब्यात, देवघराच्या खणात आणि उशीखाली मिळून अकरा पाकिटं निघाली. त्यात बाम होता, इसबगोल होतं, कोणाची तरी काशीहून आणलेली पुडी होती. डॉक्टरीणबाईंनी त्यातली दोनच बाजूला काढली. एक बीपीची गोळी, गेली सहा वर्षं चाललेली. आणि एक गुडघेदुखीची, जी खालच्या मेडिकलवाल्याकडून "नेहमीची द्या" म्हणून येत होती आणि जुलाब झाल्यावर अंग दुखतंय म्हणून दिवसाला तीन अशी सुरू होती.

"दोन गोळ्या दिसतायत, पण औषधं तीन आहेत," त्या म्हणाल्या. बीपीच्या गोळीच्या नावाच्या शेवटी एक छोटासा 'एच' होता. म्हणजे त्याच गोळीत बीपीच्या औषधाबरोबर लघवी वाढवणारं औषधही. मी ती पट्टी महिनोन्महिने आणून देत होतो, तो 'एच' मला कधी दिसला नव्हता.

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं ते मला इतकं आवडलं की तसंच सांगतो. किडनीतल्या प्रत्येक गाळणीला आत येणारा नळ असतो आणि बाहेर जाणारा. गाळायला मध्ये दाब लागतो. अंगातलं पाणी कमी झालं की शरीर दोन गोष्टी करतं: आतला नळ मोठा उघडतं आणि बाहेरचा आवळतं. दुखण्याची गोळी आतला नळ उघडूच देत नाही. बीपीची गोळी बाहेरचा नळ आवळू देत नाही. लघवी वाढवणारं औषध टाकीतलं पाणीच कमी करतं, आणि वर जुलाब. एरवी यातलं एकेक शरीर सांभाळून घेतं. सगळी एकाच आठवड्यात आली की गाळणीत दाबच उरत नाही.

हे कळायला लागलेली वर्षं बघा. वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत हे १९७१ मध्ये लंडनच्या जॉन वेनने दाखवलं. त्याबद्दल १९८२ चं नोबेल. त्याच वेनच्या प्रयोगशाळेत सेर्जिओ फेरेरा हा ब्राझिलियन शास्त्रज्ञ 'जराराका' या विषारी सापाच्या विषाचा अर्क घेऊन आला होता, आणि त्या धाग्यातून पुढे कॅप्टोप्रिल हे बीपीचं औषध जन्मलं (बाजारात १९८१). म्हणजे आतला नळ आणि बाहेरचा नळ, दोन्हींच्या औषधांची मुळं एकाच प्रयोगशाळेतून जातात! १९८३ मध्येच अमेरिकन डॉक्टरांनी लिहिलं की दोन्ही किडन्यांच्या धमन्या अरुंद असलेल्यांना कॅप्टोप्रिल दिलं की किडनीचं काम घसरतं, आणि थांबवलं की सुधारतं. वय झालं की धमन्या अरुंद होणं हे काही नवल नाही. पण तिन्ही औषधांचा एकत्र हिशोब मांडून त्याला ठसठशीत नाव मिळायला २००० साल उजाडलं. मर्लिन थॉमस या डॉक्टरने ऑस्ट्रेलियाच्या मेडिकल जर्नलमध्ये त्याला 'ट्रिपल व्हॅमी' म्हटलं. मराठीत 'तिहेरी तडाखा' म्हणू. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या बीपीच्या सुमारे पावणेपाच लाख पेशंटांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तिन्ही औषधं एकत्र घेणाऱ्यांत किडनीच्या अचानक बिघाडाचं प्रमाण ३१ टक्क्यांनी जास्त निघालं, आणि पहिल्या महिन्यात तर ८२ टक्क्यांनी.

कृपया हे वाचून घरच्या कोणाची बीपीची गोळी परस्पर बंद करू नका. ती गोळी लाखो लोकांचे झटके टाळते आणि किडनीही जपते. तडाखा एकत्र येण्याचा आहे. डॉक्टरांना यादी दाखवा.

डॉक्टरीणबाईंनी एवढं सापडल्यावरही सोनोग्राफी केलीच. मला वाटलं, कारण मिळालंय की, मग कशाला? त्या म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसात एक कारण सापडलं की थांबायचं नाही." खाली कुठे अडथळा आहे का, हे बघायचं होतं. पुरुषांत प्रोस्टेट वाढून लघवी तुंबणं हे अगदी नेहमीचं कारण. तिथे एक नळी घातली की काम होतं, आणि बघितलंच नाही तर किडनी जाते. अडथळा नव्हता. मग लघवीतल्या सोडियमवरून पाणी कमी पडलंय की नळ्याच खराब झाल्यात हे ओळखायची चाचणी. तीही १९७६ ची, एस्पिनेल नावाच्या डॉक्टरने जेमतेम १७ पेशंटांवरून मांडलेली. पण लघवी वाढवणारं औषध पोटात असेल तर ती चाचणी गंडते. आणि म्हाताऱ्या पेशंटांत ते औषध नसतं कुणाच्या पोटात?

आपल्या लोकांना साहजिक वाटेल की याला अलर्ट लावा ना. लावलाय. ब्रिटनमध्ये २००९ च्या एका चौकशी अहवालात किडनीच्या अचानक बिघाडाने गेलेल्या पेशंटांपैकी निम्म्यांनाच चांगली देखभाल मिळाली होती असं निघालं. त्यानंतर २०१४ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने सगळ्या लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये एक अल्गोरिदम बसवायला लावला. आजच्या क्रिएटिनिनची तुलना 'नॉर्मल' रेंजशी करायची नाही, तर त्याच माणसाच्या जुन्या आकड्यांशी करायची: आठवड्यातला सर्वांत कमी आकडा, किंवा वर्षभरातला मध्यक. दीडपट झाला की अलर्ट. कल्पना किती साधी आहे! पण अमेरिकेत २०१५ आणि २०२१ मध्ये अशा अलर्टच्या रीतसर चाचण्या झाल्या तेव्हा पेशंटांचं एकूण भलं झाल्याचं काही दिसलं नाही. ज्यांनी रात्री तीनला पेजरवर 'सीपीयू हाय' बघितलंय त्यांना आश्चर्य वाटू नये. काहीतरी बिघडलंय हे अलर्ट सांगतो. पिशवी मागायला माणूसच लागतो.

आत्याला डायलिसिस लागलं नाही. सलाइन, दोन्ही गोळ्या बंद, आणि तासातासाला लघवी मोजणं. चौथ्या दिवशी आकडा उतरायला लागला, आणि त्याच दिवशी ती नर्सला "चहात साखर घालायला काय पैसे पडतात का गं?" असं म्हणाली. तेव्हा मला खात्री पटली. बीपीसाठी आता वेगळी गोळी आहे. गुडघ्याला शेक आणि बाम. मेडिकलवाल्याला मी स्वतः जाऊन सांगून आलोय. तो बिचारा म्हणाला, "अहो, मावशी मला ओरडतात हो, दिली नाही तर."

परवा तिचा नवा रिपोर्ट आला. १.२. लॅबने पुढे 'नॉर्मल' छापलंय. मी शेजारी पेनाने जानेवारीचा १.१, मेचा ३.६ आणि जूनचा १.६ असे तिन्ही आकडे तारखांसकट लिहिले आणि कागद फ्रीजवर चिकटवला. आत्या म्हणाली, "अरे, तिथे दूधवाल्याचा हिशोब होता तो कुठे टाकलास?"